जठारपेठेतला जपान

जपान मी पाहिलेला नाही. साठी उलटली, आगगाडीने सर्वांत लांब गेले ती मुंबईपर्यंत, तेही मावसबहिणीच्या लग्नाला. तरी अकरा वर्षं मी मुलांना जपान शिकवला. तीन वर्षं अकोल्यात, आठ वर्षं अमरावतीत, दर रविवारी सकाळी, राहत्या घरी. लोक विचारायचे, "बाई, तुमाले जपानी येते का?" मी म्हणायची, "पाच-सहा शब्द येतात." "मंग शिकवता काय?" या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देता येत नसे, म्हणून मी हसून वेळ मारून नेत असे. आता बसून लिहायला सवड आहे. शिवाय त्या शिकवण्यात एक गोष्ट अशी घडली, की ती सांगायला इतकी वर्षं धीर झाला नाही. तीही सांगून टाकते.

आम्ही माळ्याचे. आई घरामागच्या वाफ्यात शेवंती-झेंडू लावायची आणि वडील एका जपानी कंपनीच्या ऑफिसात रुईच्या गाठी तोलायच्या काट्यावर होते. लढाईच्या आधी वऱ्हाडचा कापूस जपानला जात असे आणि त्यांचे खरेदीचे साहेब अकोल्यात बंगला घेऊन राहत. वडील डबा विसरले की तो पोचवायचं काम माझं. साहेबांच्या मडमला मूलबाळ नव्हतं. ती मला व्हरांड्यात बसवून घ्यायची. तिला मराठी येत नव्हतं, मला जपानी. मग ती हातांनीच बोलायची. कागद दुमडायची, मी दुमडायची. माझं चुकलं तरी माझ्या कागदाला ती कधी हात लावत नसे. स्वतःचाच कागद उलगडायची आणि पुन्हा पहिल्या घडीपासून सुरू करायची, मला दिसेपर्यंत. शिकवायचं कसं, हे मी ट्रेनिंग कॉलेजात शिकले असं माझं सर्टिफिकेट म्हणतं. मी ते त्या व्हरांड्यात शिकले.

लढाईचं वारं सुटलं तशी ऑफिसं बंद झाली. साहेब-मडम घाईघाईने मुंबईकडे निघाले. जाताना मडमने वडिलांजवळ माझ्यासाठी एक लाकडी खोका दिला. त्यात दोन बाहुल्या होत्या, चित्रांचं एक पुस्तक, चौकोनी कागदांचा गठ्ठा, चहा घुसळायची बांबूची छोटीशी रवी आणि एक काळी, किंचित वाकडी, ओंजळीत मावेल एवढी मातीची वाटी. पुढे त्या दोघांचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

मी मोठी झाले, लग्न झालं, तीन वर्षांत नवरा गेला आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. आईला घेऊन अकोल्याच्या जठारपेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहू लागले. भूगोलात जपानचा धडा होता. जपान हा बेटांचा देश आहे, तेथे भूकंप होतात, तेथील लोक कष्टाळू आहेत. मुली ही तीन वाक्यं एका दमात म्हणून खाली बसायच्या. एकदा माझा संताप झाला. मी म्हटलं, ज्याला खरा जपान पाहायचा असेल त्याने रविवारी माझ्या घरी यावं. चार मुली आल्या. पुढच्या वेळी त्यांची भावंडं आली.

घरीच का, असं हेडबाईंनीही विचारलं होतं. शाळेत बाकं असतात. जपान बाकावर बसून शिकता येत नाही. त्याला जमीन लागते, उंबरा लागतो, चूल आणि पाण्याची घागर लागते. परक्या देशाची माणसं दारातून आत कशी येतात, बसतात कशी, दुसऱ्याला वस्तू देताना हात कसे धरतात, हे पुस्तकात वाचून पोरांच्या अंगी लागत नाही. ते त्यांच्याकडून करवून घ्यावं लागतं. मी सांगायची कमी, करवून घ्यायची जास्त. मडमचे कागद महिन्याभरात संपले, मग पतंगाचा कागद आणला. काड्यांनी जेवायचं शिकवायला आमच्या गल्लीतल्या बुरुडाकडून बांबूच्या काड्या तासून घेतल्या. पहिल्या दिवशी फुटाणे उचलायचे, ते जमले की भिजवलेली मटकी, आणि शेवटी शिजलेला भात. भात उचलता आला की तो मुलगा पास.

या उद्योगात घोळही कमी झाले नाहीत. जपानात घरात शिरताना जोडे काढतात हे मुलांना नवं नव्हतं, आपणही काढतो. पण काढलेले जोडे उलटे फिरवून, टोकं रस्त्याकडे करून ठेवतात, म्हणजे निघताना पाहुण्याला ते सहज पायांत घालता यावेत. मुलांना हे फार आवडलं. त्या आठवड्यात एका मुलीच्या घरी तिचे आजोबा खेड्यावरून आले. पोरीने मोठ्या प्रेमाने त्यांच्या वहाणा फिरवून रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि तो तडक माझ्या दारात. "काहो मास्तरीनबाई, नातीले हेच शिकवून राहिल्या का? मी आता कुठं आलो, पाणीबी नाई पेलो, अन् हे पोट्टी मले वाटेले लावून राहिली!" त्यांना चहा पाजून समजूत घालता घालता माझी दुपार गेली.

बाहुल्यांचा सण आला. जपानात मुलींसाठी तो असतो. पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. आमच्या मुलींना भुलाबाई ठाऊक, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटलंच नाही. त्यांनी बाहुल्यांपुढे फेर धरून भुलाबाईची गाणी म्हटली, खिरापत ओळखायला लावली. मी कुठेसं वाचलेलं बोलता बोलता सांगून गेले, की सण झाला की या बाहुल्या लगेच उचलून ठेवतात. नाही तर त्या घरच्या मुलीचं लग्न लांबतं असा तिकडे समज आहे. जपानबद्दलच्या माझ्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर ज्यांनी विश्वास ठेवला नाही, त्या सगळ्या आया दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात हजर. "बाई, बाहुल्या उचलल्या ना?"

फुलांच्या रचनेत गजानन अडला. हा फुलं विकणाऱ्यांचा मुलगा, दहा वर्षांचा, आमच्याच जातीतला. एक फांदी, दोन फुलं, एवढंच ठेवायचं म्हटल्यावर तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला. म्हणाला, "बाई, एवढीशी फुलं? त्यायच्याइकडे लई गरिबी हाये का?"

हे सगळं आठवलं की अजून हसू येतं. आता वाटीचं सांगते.

जपानी चहाच्या दोन रीती मडमने मला दाखवल्या होत्या. पातळ चहा ज्याचा त्याला वेगळ्या वाटीत देतात. दाट चहा मात्र एकाच वाटीत करतात आणि ती वाटी बसलेल्या सगळ्यांत फिरते. पहिल्याने दोन्ही हातांत घ्यायची, मान लववायची, दोनदा फिरवायची, तीन घोट घ्यायचे, ओठ लागले तो काठ फडक्याने पुसायचा, पुन्हा फिरवायची आणि शेजारच्याला द्यायची. त्यांचा तो हिरवा चहा मला मिळणार कुठून? मी गवती चहा वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करायची आणि गुळाच्या पाण्यात बांबूच्या रवीने फेस येईपर्यंत घुसळायची. मुलांना चव आवडायची.

सुरुवातीला उष्ट्याचा प्रश्न आलाच. एकमेकांच्या तोंडचं कसं प्यायचं? तो मुलांनीच सोडवला. शाळेत पेरू किंवा गोळी वाटून खाताना मुलं ती फ्रॉकच्या किंवा सदऱ्याच्या टोकात धरून दाताने तोडतात. मध्ये कापड असलं की उष्टं होत नाही. त्याला चिमणीचे दात म्हणतात. मी काठ पुसायचं फडकं दाखवल्याबरोबर माझ्या घरमालकिणीची नात कुसुम ओरडली, "बाई, हे तं चिमणीचे दात!" झालं. वाटी फिरली. आयांनाही हसू आलं आणि दोन वर्षं काळी वाटी कुणाची तक्रार न येता फिरत राहिली. मला तिचा फार अभिमान होता. भेटेल त्याला सांगायची, माझ्या घरी मुलं एका वाटीत पितात म्हणून.

मग विशाखा आली.

नागपुरातल्या दीक्षेला दोनेक वर्षं झाली होती. विशाखाचे वडील तारघरात होते, सायकलवरून घरोघर तारा पोचवायचे. खाकी कपडे, दाढी रोजच्या रोज केलेली. आमच्या गल्लीत सगळे त्यांना ओळखत. काही घरं अशी होती की तार हातात घेत, पण सही करून पेन्सिल परत देताना ती उंबऱ्यावर ठेवत. ते वाकून उचलून घेत आणि नमस्कार करून निघत. एका रविवारी ते नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"बाई, तुमी जपान शिकवता असं आयकलं. थो बुद्धाचा देश हाये. पोरीले त्याची माहिती झाली पायजे, असं मले वाटते."

"शिकवीन की. पण मी धर्म शिकवत नाही, भाऊ. कागद, फुलं, चहा असलं काही."

"तेच शिकवा. तिकडची मानसं कशी राह्यतात ते समजू द्या तिले." मग म्हणाले, "तिकडं जात इचारत नाईत म्हने."

पुढे अमरावतीच्या वाचनालयात मी वाचलं की जपानातही काही माणसांच्या वस्त्या पिढ्यान् पिढ्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "नाही विचारत. आणि माझ्या घरीही नाही विचारत."

विशाखा हुशार होती असं म्हटलं तर ते कमी पडेल. तिचे हात शहाणे होते. कोपऱ्यावर कोपरा असा बसवायची की कागदालाही कळू नये. महिन्याभरात तिने भात उचलला. ती वर्गात शेवटी बसायची, माझ्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या आपण. आणि तिच्या नि शेजारच्या मुलात वीतभर जागा कायम मोकळी असायची. ती जागा कोण सोडतं, तीच की शेजारचा, हे मी कधी नीट पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

मोठ्या मुलींनी तिला वाटीचं सांगितलं होतं. पुढच्या रविवारी चहा आहे म्हटल्यावर ती मला म्हणाली, "बाई, मी घरी करून पाहून राहिली. बाबा, माय अन् मी. काशाच्या वाटीत. तीन घोट, मंग पुसाचं, मंग फिरवाचं."

त्या शनिवारी संध्याकाळी घरमालकीण काकू माझ्याकडे आल्या. काकू वाईट नव्हत्या. आईला विषमज्वर झाला तेव्हा तीन आठवडे त्यांनी आमचा स्वयंपाक केला होता. त्या पाटावर बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, थे पोट्टी येते, तं येऊ दे. शिकू दे. मले काई नाई. पन उद्या वाटी हाये म्हने ना?"

"आहे."

"यंदा आलग आलग दे सगळ्यायले. माह्यं घर हाये, लोक मले इचारतात. तू शिकेल-सवरेल हायेस, तुले काय सांगू?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, "पाहते, काकू."

आणि मी पाहिलं. मी बाजारात जाऊन आठ लहान चिनीमातीचे कप आणले. कुणा एकीला वेगळं काढायचं नाही, सगळ्यांनाच वेगळं द्यायचं. पातळ चहा जपानात असाच देतात, म्हणजे मी काही खोटंही शिकवणार नव्हते. माणूस भित्रा असला की त्याला किती नेमका शास्त्रार्थ सापडतो, हे मी स्वतःवरून शिकले आहे.

रविवारी आठ मुलं चटईवर गोल बसली. मी खोक्याचं झाकण अर्धवट उघडून रवी काढली, चहा घुसळला, आठ कपांत ओतला. एकानेही विचारलं नाही की आज कप का. त्यांना सांगावं लागलं नव्हतं. फक्त विशाखाने विचारलं. ती हात पुढे करून, दोन्ही तळवे वर करून बसली होती, वाटी घ्यायला बसतात तशी.

"बाई, काळी वाटी नाई आनली?"

मी म्हणाले, "फुटली ती."

कसं निघालं हे वाक्य तोंडातून, नव्हे, दोन शब्दच ते. पातळ चहाची रीत सांगायची माझी सगळी तयारी होती. पण तिचे ते तळवे पाहिले आणि मला पहिलं सुचलं ते खोटं. तिने हात खाली घेतले, कप उचलला आणि ती चहा प्यायली.

पुढच्या रविवारी विशाखा एका धुतलेल्या फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. सगळ्यांसमोर तिने गाठ सोडली. आत निळ्या काठाची चिनीमातीची वाटी होती, नवी कोरी.

"बाबानं आनली. तुमची फुटली ना, म्हून."

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांनी जमिनीकडे. दाराबाहेर अंगणात काकू धान्य निवडत होत्या, त्यांचा सुपाचा आवाज थांबला. मला दुसरी वाट नव्हती, आणि खरं सांगते, मला क्षणभर बरंही वाटलं. वाटलं, आता आपोआप होईल. मुलं लहान आहेत, वाटी फिरायला लागली की फिरेल.

मी चहा केला. मुलांना बसवलं आणि विशाखाला सर्वांत शेवटी, माझ्या डाव्या हाताला बसवलं. शेवटच्या पाहुण्याचा जपानात मान असतो; वाटी यजमानाला परत करायची ती त्याने. तो मान म्हणून मी तिला तिथे बसवलं, असं मी स्वतःला सांगितलं. तिच्यानंतर कुणाला प्यावं लागू नये म्हणून बसवलं, हे मला मनाच्या तळाशी ठाऊक होतं.

पहिले तीन घोट मी घेतले, काठ पुसला आणि वाटी कुसुमला दिली. तिने ती नीट दोन्ही हातांत धरली, मान लववली, दोनदा फिरवली, ओठांशी नेली. मी शेजारीच होते. घोट घेतला की गळा हलतो. कुसुमचा गळा हलला नाही. तिने फडक्याने काठ पुसला, वाटी फिरवली, पुढे दिली. दुसऱ्या मुलीने तेच केलं. तिसऱ्याने तेच. मी शिकवलेलं सगळं ते अगदी बरोबर करत होते, हातांची ठेवण, मान, वाटीचं फिरवणं. फक्त कुणी पीत नव्हतं. वाटी विशाखाच्या घरची होती. तिथे चिमणीचे दात चालत नव्हते. एकट्या गजाननने खराखुरा घोट घेतला, आवाज करून, आणि मग घाबरून दाराकडे पाहिलं.

वाटी विशाखाच्या हातात आली. तिने आत पाहिलं. घरी तिघांत ती रोज फिरवत होती. आठ जणांनंतर वाटीत किती उरतं, याचा अंदाज तिला असणारच. माझ्या तीन घोटांनी आणि गजाननच्या एकाने चहा जेवढा उतरायचा तेवढाच उतरला होता. तिने वाटी फिरवली आणि ती सगळा चहा प्यायली, थेंब न ठेवता. मग काठ पुसला, वाटी पुन्हा फिरवली आणि माझ्यापुढे ठेवून मान लववली.

मी म्हणाले, "छान."

एवढंच म्हणाले. तो शब्द आठवला की आजही जीव नकोसा होतो.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यापुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी खोका उघडला आणि काळी वाटी चटईच्या मधोमध ठेवली. मुलांना सांगितलं, "ही फुटली नव्हती. मी खोटं बोलले." आणि दारात न्यायला आलेल्या आयांना सांगितलं, की यापुढे माझ्या घरी चहा एकाच वाटीत होईल आणि विशाखा आली की वाटी पहिली तिच्या हातात जाईल. ज्याला चालत नसेल त्याने मूल पाठवू नये. चौथ्या रविवारी तीन मुलं आली. गजानन त्यांत होता. कुसुम नव्हती. काकू आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, उन्हाळ्यात दुसरी खोली पाह्य माय." पुढे मी अमरावतीची नोकरी धरली त्याचं हे एक कारण. तिथे पहिल्याच दिवशी दारात सांगून टाकायची, वाटी एकच आहे. आठ वर्षं ती फिरली, खरी फिरली. मुलं कोणकोणत्या घरची होती ते मी मोजलं नाही.

पण ते नंतरचं. त्या चौथ्या रविवारनंतर मला वाटू लागलं की मी केलं ते थोडंथोडकं नाही. चार मुलं गेली, घर जायला निघालं. आपण चूक केली, पण तिची भरपाईही केली, आता विशाखाला जाऊन सांगावं, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही होती त्यात. एका दुपारी शाळा सुटल्यावर काळी वाटी पिशवीत घालून मी त्यांच्या वस्तीत गेले.

विशाखाचे बाबा अंगणात सायकलचं पंक्चर काढत होते. त्यांनी हात धुतले, खाटेवर चादर टाकली. विशाखा आईजवळ चुलीपाशी होती. मी सगळं सांगितलं. काकूंचं, कपांचं, वाटी फुटली नव्हती त्याचं, तिला शेवटी का बसवलं त्याचंही. मग मी सगळ्यांसमोर कबूल केलं, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, वाटी फुटली नोती, हे तिले मालूम हाये."

"कधीपासून?"

"त्याच दिशीपासून. तुमी खोक्यातून रवी काढली, तवा वाटी दिसली तिले. घरी येऊन सांगतलं तिनं."

मला काही कळेना. "मग तुम्ही नवी वाटी का पाठवलीत?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. विशाखा चुलीपाशीच उभी राहून बोलली. "मले वाटलं, तुमाले थे वाटी काढता येत नसन. कोनी तरी नाई म्हनलं असन. दुसरी असली, म्हंजे तुमाले खोटं बोला नाई लागनार."

नऊ वर्षांची मुलगी. मी तिला फसवत होते तेव्हा ती माझी अब्रू झाकायला निघाली होती, बापाला बाजारात पाठवून. आणि मी तिला न्याय द्यायला आले होते! मला रडू आलं, आणि त्यांच्या घरात बसून रडायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून ते आवरेनाही. कुणी माझी समजूत घातली नाही. मी पिशवीतून काळी वाटी काढून तिच्यापुढे धरली. "ही तू ठेव. आणि रविवारी ये. पहिली जागा तुझी."

तिने वाटी दोन्ही हातांत घेतली, खालून वरून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "हे तुमच्या मडमची हाये, बाई. तुमच्याजवळच राहू द्या."

"आणि रविवारी?"

तिचे बाबाच बोलले, आवाज न चढवता. "आता नाई धाडत, बाई. राग नाई. पन लेकरानं कोनी न पेता आलेली भरली वाटी किती डाव पाहाची?"

तिच्या आईने चहा आणला. माझ्यापुढे कपबशी ठेवली, नक्षीची, बहुधा घरातली एकुलती एक. त्यांचा चहा काशाच्या वाटीत होता, जरा निवू दिलेला. विशाखाने वाटी उचलली, मान लववली, दोनदा फिरवली, तीन घोट घेतले, काठ पुसला आणि आईला दिली. आईने बाबांना दिली. मडमनंतर इतकं निर्मळ करताना मी कुणाला पाहिलं नाही. मी माझा कप तसाच धरून बसले होते.

न राहवून मी म्हणाले, "विशाखा, मलाही वाटीतूनच दे ना."

तिने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काहीतरी न कळणारं मागितलं, आणि आता ते मला नीट समजावून सांगायला हवं, असं काहीसं होतं.

"थे घरच्यायसाठी हाये, बाई," ती म्हणाली. "पाहुन्यायले आमी कप देतो."

मी कपातला चहा संपवला आणि घरी आले.